निवेदकाच्या कानात काय जावं आणि किती जावं

प्रश्न असा आहे: छोट्या स्टुडिओत तीन निवेदक एकाच माइकवर पाळीपाळीने बसतात. पहिल्याला हेडफोनमध्ये नेहमीच आवाज कमी वाटतो, नॉब टोकाला नेला तरी. दुसरीचे कान पाळी संपेपर्यंत दुखायला लागतात. तिसरा बोलायला लागला की डावा कप कानावरून मागे सरकवतो. लेव्हल आणि बॅलन्स नेमका कुठे ठेवायचा, आणि त्याला काही ठरलेला आकडा आहे का?

नॉबसाठी ठरलेला आकडा नाही. कानासाठी आहे, त्याकडे पुढे येतो. पण आकड्याआधी एक गोष्ट. बहुतेक ठिकाणी हेडफोनची लेव्हल ही निवेदकाच्या सोयीची बाब समजली जाते: नॉब त्याच्या हाताशी दिला की तंत्रज्ञाचं काम संपलं. माझा अनुभव उलटा आहे. निवेदक काय बोलतो हे त्याच्या कागदावर असतं, पण कसं बोलतो हे त्याच्या कानात काय चाललंय त्यावर ठरतं. पट्टी, जोर, माइकपासूनचं अंतर, शब्दांचा वेग, सगळं. तुमच्या तीन तक्रारींपैकी निदान दोन तरी मला लेव्हलच्या वाटत नाहीत. त्या स्वतःचा आवाज आणि बाकीचं सगळं यांच्या प्रमाणाच्या आहेत.

माणूस स्वतःला दोन वाटांनी ऐकतो. एक हवेतून कानात, दुसरी कवटीच्या हाडांतून थेट आतल्या कानात. बंद कपाचा हेडफोन चढवला की हवेची वाट जवळपास बुजते आणि हाडाची वाट फुगते. दोन्ही कानांत बोटं घालून लांब ‘ई’ म्हणून पाहा, डोक्यात घुमल्यासारखं होतं. निवेदक पूर्ण पाळीभर त्या अवस्थेत बोलत असतो. त्यामुळे माइकमधून फिरून येणारा त्याचा आवाज त्याच्या कानात पुरेसा आणि स्वच्छ पोचला नाही, तर आपण किती जोरात बोलतोय याचा अंदाजच त्याला राहत नाही.

मग तो काय करतो? संगीत मोठं आणि स्वतः लहान ऐकू येत असेल तर तो आवाज चढवतो. गोंगाटात माणूस नकळत मोठ्याने बोलतो हे एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ मध्ये मांडलं, आणि त्यांच्याच नावाने तो परिणाम आजही ओळखला जातो. यात इच्छेचा भाग फार कमी. ‘हळू बोला’ असं सांगून दोन मिनिटं फरक पडतो, मग पुन्हा तेच. उलट बाजूही तितकीच खरी आहे: स्वतःचा आवाज कानात फार मोठा असेल तर माणूस दबून बोलतो, वाक्याची शेवटची अक्षरं गिळतो, माइकपासून मागे सरकतो. तुम्ही गेन, म्हणजे माइकच्या सिग्नलची वाढ, चढवता, आणि खोलीचा घुमारा व कॉम्प्युटरच्या पंख्याचा आवाज ऑन एअर जातो. दोष कानात असतो आणि आपण तो फेडरवर, म्हणजे लेव्हलच्या सरकत्या कळीवर, दुरुस्त करत बसतो.

एका सकाळच्या कार्यक्रमाची निवेदिका माझ्या लक्षात आहे. तिसऱ्या तासाला तिचा घसा बसायचा. सगळे तिच्या घशावर इलाज सुचवत होते. मी एक दिवस तिच्या शेजारी बसलो आणि गाणं चालू असताना तिचाच हेडफोन मागून घेतला. तिचा आवाज संगीताच्या पार खाली गाडला गेला होता. तिचा हेडफोन प्रोग्रामच्या फीडवर, म्हणजे श्रोत्यांना जातं त्याच मिश्रणावर होता, आणि तिथे बोलण्याखालचं संगीत श्रोत्यांच्या चवीने लावलेलं होतं. श्रोत्याला ते छान वाटतं, कारण तो बोलत नसतो. मी तिच्यासाठी वेगळा फीड केला आणि त्यात फक्त संगीत ६ डीबीने (डेसिबलने) खाली घेतलं, तिचा आवाज होता तिथेच ठेवला. दहा मिनिटांत ती स्वतःहून खाली आली. मीटरवर तिची लेव्हल चांगली ४-५ डीबीने उतरली, मी गेन तेवढा वाढवला, आणि श्रोत्यांना तीच बाई जवळ येऊन बोलल्यासारखी ऐकू यायला लागली. तिला मी काहीच सांगितलं नव्हतं.

म्हणून लेव्हल लावण्याचा क्रम महत्त्वाचा. मी आधी हेडफोन बाजूला ठेवायला लावतो आणि माइकचा गेन ठरवतो. संदर्भ लेव्हल −१८ डीबीएफएस (डिजिटलच्या कमाल पातळीला शून्य धरून मोजलेले डेसिबल) असेल तर बोलण्याची शिखरं −१० च्या आसपास असली की पुरे. ‘चेक चेक, वन टू’ यावर गेन लावू नका. तसं कोणीच कार्यक्रमात बोलत नाही. त्याला त्याच्या खऱ्या कार्यक्रमाचं एक पान, खऱ्या उत्साहाने वाचायला लावा.

मग हेडफोन चढवा, नॉब शून्यावर, आणि कानात फक्त त्याचा स्वतःचा आवाज. तो वाचत राहील, तुम्ही हळूहळू वर या. ‘आता पुरे’ म्हणेल तिथे थांबा. खालून वर येणं हे कटाक्षाने पाळा. वरून खाली आलात तर कान मोठ्या आवाजाला आधीच सरावलेला असतो आणि माणूस बराच वरती थांबतो. ही झाली त्याची आधाररेषा. यानंतर तिच्याभोवती एकेक गोष्ट आणायची. बोलण्याखालचं संगीत त्याच्या आवाजापेक्षा ६ ते १० डीबी खाली, म्हणजे ताल कळेल पण त्याच्याशी झगडावं लागणार नाही. पाहुण्याचा आवाज त्याच्या आवाजाइतकाच, किंवा किंचित वर, कारण त्याचं काम ऐकण्याचं आहे. काही निवेदकांना संगीत जास्त लागतं, त्याशिवाय त्यांना रंग चढत नाही. त्यांना द्या, पण स्वतःचा आवाजही सोबत वर न्या आणि मग एकूण लेव्हल खाली घ्या.

टेलिफोनवरचा श्रोता हा वेगळा विषय. साध्या फोनचा आवाज ३०० ते ३४०० हर्ट्झच्या पट्ट्यातला असतो, त्यात कोणी पुटपुटतो, कोणी ओरडतो. निवेदक तो नीट कळावा म्हणून नॉब वाढवतो, फोन संपतो, आणि पुढचं गाणं त्याच्या कानात आदळतं. दिवसात असं दहा वेळा झालं तर कान दुखणारच. फोनच्या लाइनवर कॉम्प्रेसर, म्हणजे मोठ्या-लहान आवाजातला फरक कमी करणारं यंत्र, लावा, म्हणजे नॉबला हातच लागणार नाही. आणि श्रोत्याकडे जाणाऱ्या फीडमधून त्याचा स्वतःचा आवाज वगळलेला आहे ना, म्हणजे मिक्स-मायनस बरोबर आहे ना, हे प्रत्येक वेळी पाहा. नाहीतर तो आपलाच प्रतिध्वनी ऐकत अडखळतो आणि निवेदकाला वाटतं की आपलंच काहीतरी चुकलं.

टॉकबॅक, म्हणजे निर्मात्याने निवेदकाच्या कानात बोलण्याची लाइन, याबद्दल माझं मत ठाम आहे. निर्माता कानात बोलला की संगीत आणि पाहुणा १०-१२ डीबीने खाली जावेत, पण निवेदकाचा स्वतःचा आवाज कधीही कापला जाऊ नये. वाक्याच्या मध्यात स्वतःचा आवाज नाहीसा झाला की अनुभवी माणूसही अडखळतो. शक्य असेल तर टॉकबॅक एकाच कानात द्या. कोणत्या कानात, हे ठरवायला मी विचारतो की फोन कोणत्या कानाला लावता. बोललेले शब्द पटकन पकडायची त्या कानाला सवय असते.

आता तुमचा तिसरा निवेदक, कप मागे सरकवणारा. पुष्कळ जण ही त्याची लकब आहे म्हणून सोडून देतात. मी कधीच सोडत नाही. एक कप काढणारा माणूस सांगत असतो की कानात येणारा माझाच आवाज मला नकोसा होतोय. त्याची तीन कारणं मला वारंवार सापडली आहेत.

पहिलं कारण म्हणजे बंद कपातला तो घुमारा. त्याला किंचित मोकळा, कमी दाबाचा हेडफोन देऊन पाहा, किंवा त्याच्या हेडफोन फीडमध्ये त्याच्या आवाजाचा २०० हर्ट्झच्या खालचा भाग थोडा उतरवा.

दुसरं, उशीर. हाडातून येणारा आवाज तत्काळ पोचतो, हेडफोनमधला यंत्रांतून फिरून येतो. साध्या डिजिटल कन्सोलमधून १-३ मिलिसेकंद लागत असतील तर सहसा कोणी तक्रार करत नाही. ५ मिलिसेकंद झाले की दोन आवाज एकमेकांत मिसळून १००, ३००, ५०० हर्ट्झ अशा ठिकाणी खड्डे पाडतात आणि आवाज नळीतून आल्यासारखा होतो. हा उशीर २०-३० च्या पुढे गेला की प्रतिध्वनी जाणवायला लागतो, आणि २०० च्या आसपास तर चांगला वक्ता तोतरा होतो. म्हणून ट्रान्समिशन प्रोसेसर, म्हणजे प्रक्षेपणाआधी आवाज घडवणारं यंत्र, त्यानंतरचा फीड निवेदकाला देण्याचा मोह टाळा. ‘मला एअरवरचा भरीव आवाज हवा’ असं ते मागतात, आणि पूर्वी सगळी साखळी अॅनालॉग होती तेव्हा ते चालायचंही. आता त्यांच्यासाठी कमी उशिराचा एक साधा कॉम्प्रेसर आणि थोडा इक्वलायझर हेडफोन फीडवर लावा, तेवढ्याने समाधान होतं. ब्लूटूथ हेडफोनचं नावच काढू नका. उशीर मोजणं सोपं आहे: माइकसमोर टाळी वाजवा, एका ट्रॅकवर थेट माइक आणि दुसऱ्यावर हेडफोन अँप्लिफायरचं आउटपुट रेकॉर्ड करा, आणि दोन टाळ्यांमधलं अंतर पडद्यावर मोजा.

तिसरं कारण सगळ्यात कमी तपासलं जातं: पोलॅरिटी, म्हणजे सिग्नल सुलटा आहे की उलटा. माइकपासून कपापर्यंतच्या साखळीत कुठेतरी एक जोडणी उलटी असेल, तर हेडफोनमधला आवाज हाडातल्या आवाजाला खालच्या सुरांत कापतो. संगीत ऐकताना काहीही कळत नाही, दुसऱ्या कोणी तो हेडफोन लावून निवेदकाला ऐकलं तरी कळत नाही. कळतं फक्त बोलणाऱ्याला, आणि त्याला ते शब्दांत सांगता येत नाही. तो ‘पोकळ वाटतं’ किंवा ‘मी मला सापडत नाही’ असं काहीतरी म्हणतो आणि तंत्रज्ञ नॉब वाढवून देतो. तपासायची रीत अशी: त्याला खालच्या सुरात लांब ‘ऊं’ धरायला सांगा आणि माइक चॅनलवरचं पोलॅरिटीचं बटण दाबा, सोडा, पुन्हा दाबा. एका स्थितीत आवाज छातीतून आल्यासारखा भरतो, दुसऱ्या स्थितीत पातळ होतो. काय करताय ते त्याला आधी सांगू नका. त्याचा चेहराच सांगेल. पण उपाय मात्र माइक चॅनलवर करू नका. त्या टेबलावर दुसरा माइक असेल तर दोन्हींत शिरणारा एकच आवाज एकमेकांना कापेल. हेडफोन अँप्लिफायरच्या बॅलन्स्ड इनपुटवर, डाव्या-उजव्या दोन्ही चॅनलच्या, पिन २ आणि ३ च्या तारा अदलाबदल करा. संगीताला त्याने काही फरक पडत नाही.

तोवर त्याने एकच कप वापरायचा हट्ट धरला तर मोकळ्या कपातला आवाज पॅन करून बंद करा, नाहीतर तो माइकमध्ये झिरपतो. आणि लक्षात ठेवा, दोन कानांनी ऐकलेला आवाज एका कानापेक्षा साधारण ३ ते ६ डीबी मोठा भासतो. एक कप काढणारा ती तूट नॉबने भरून काढतो आणि वर्षानुवर्षं एकाच कानावर तो भार टाकतो.

पहिल्या निवेदकाकडे येऊ, ज्याला सदैव कमीच ऐकू येतं. आधी त्याचा हेडफोन कोणता आहे ते पाहा. त्याच आउटपुटवर ३२ ओहमच्या (ओहम हे विद्युत अडथळ्याचं माप) हेडफोनला २५० ओहमवाल्यापेक्षा जवळपास आठपट शक्ती मिळते, म्हणजे संवेदनशीलता सारखी असली तरी ९ डीबीचा फरक. घरून आणलेला २५० ओहमचा हेडफोन कमीच वाजणार, आणि त्याच्यासाठी उघडून ठेवलेल्या नॉबवर पुढच्या पाळीत कोणी ३२ ओहमवाला खोचला तर पहिल्याच जिंगलला दचकेल. स्टुडिओत सगळ्यांना एकाच मॉडेलचा हेडफोन द्या. मग कपाच्या गाद्या पाहा. झिजलेल्या, चिरा पडलेल्या गादीतून खालचे सूर निसटतात आणि माणूस ती पोकळी लेव्हलने भरतो. जाड काडीच्या चष्म्यानेही तेच होतं.

त्याची तक्रार ‘गाणं येतं, पण मी येत नाही’ अशी असेल तर थेट जॅककडे जा. हेडफोनच्या जॅकची टोकाची पिन डावी, मधली कडी उजवी, आणि मागचा दांडा दोघांचा सामाईक परतीचा मार्ग. दांड्याचा संपर्क सुटला की डावा आणि उजवा स्पीकर एकमेकांना साखळीत जोडले जातात आणि दोन्हींत फक्त डाव्या-उजव्यातला फरक वाजतो. मध्ये ठेवलेला आवाज, म्हणजे निवेदक, पाहुणा, गायक, नाहीसा होतो आणि वाद्यांचे कडेचे तुकडे व घुमारा मागे राहतो. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कन्सोलच्या रूटिंगमध्ये पाऊण तास घालवला होता. आता मी जॅक धरून हळूच फिरवतो. आवाज परत आला तर काम पाच मिनिटांचं.

डाव्या-उजव्याचा बॅलन्स सुरावर पाहू नका. पिंक नॉइज, म्हणजे चाचणीसाठीचा सगळ्या सुरांचा एकसारखा खळखळाट, मोनो करून (दोन्ही कानांत एकच) द्या. तो डोक्याच्या बरोबर मध्ये बसला पाहिजे. एका बाजूला कलला तर हेडफोन उलटा घालायला सांगा. कल दुसऱ्या कानाकडे गेला तर दोष यंत्रात, त्याच कानाला राहिला तर कानात. यंत्रातला दोष बऱ्याचदा नॉबचाच असतो: दुहेरी पोटेन्शिओमीटरचे दोन भाग अगदी खालच्या टोकाला नीट जुळत नाहीत. नॉब नेहमी पाव वळणावरच वापरला जात असेल तर अँप्लिफायरच्या आधी पॅड, म्हणजे सिग्नल ठरावीक प्रमाणात कमी करणारी जोडणी, टाका, म्हणजे तो मध्यावर येईल. कानातला दोष असेल तर बॅलन्स सरकवून मोकळे होऊ नका. त्या माणसाची श्रवणचाचणी व्हायला हवी, आणि हे त्याला एकांतात, नीट समजावून सांगायला हवं. आवाजावर पोट असलेल्या माणसाला ही बातमी सोपी नसते.

आता तो आकडा. कामाच्या जागी रूढ असलेली मर्यादा ८ तासांना ८५ डीबीए (कानाच्या संवेदनेप्रमाणे मोजलेले डेसिबल). अमेरिकेच्या एनआयओएसएच संस्थेच्या शिफारशीप्रमाणे दर ३ डीबी वाढीला वेळ निम्मा: ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला एकच. जागतिक आरोग्य संघटना ऐकण्याच्या उपकरणांसाठी आठवड्याला ४० तास ८० डीबीए धरते. निवेदक घरी जाऊनही ऐकतोच, म्हणून मी सरासरी ७५ ते ८० च्या आत ठेवतो. मोजण्यासाठी जाड फळीला ध्वनिमापकाच्या माइकच्या मापाचं भोक पाडा, माइक फळीच्या पृष्ठभागाला समतल बसवा, त्यावर कप घट्ट टेकवा आणि खरा कार्यक्रम वाजवा. प्रयोगशाळेइतकं अचूक नाही, पण ८० आणि ९५ मधला फरक नक्की कळतो. लिमिटर, म्हणजे ठरलेल्या पातळीवर आवाज जाऊ न देणारं यंत्र, लावायचा तो नॉबनंतर, हेडफोनच्या बाजूला, आणि त्याच मॉडेलसाठी जुळवलेला. मॉडेल बदललं की तो लिमिटर पुन्हा मोजायचा.

दुसऱ्या निवेदिकेबद्दल मुद्दाम शेवटी लिहितोय, कारण तिथे घाई नको. कान बाहेरून दुखतो की आतून, हे आधी विचारा. बाहेरून दुखत असेल तर पट्ट्याचा दाब, कानातले, चष्मा. पट्टा थोडा ताणून सैल करा. आतून दुखत असेल, किंवा पाळीनंतर कानाला दडे बसत असतील, शिट्टी वाजत असेल, तर तिला त्या आठवड्यात हेडफोनशिवायच्या कामावर ठेवा आणि कानाच्या डॉक्टरांकडे पाठवा. ती परतली की पहिल्या पाळीला नॉबवर चिकटपट्टीने खूण करा. मोठ्या आवाजाने कान तात्पुरता बधिरतो आणि हात आपोआप नॉबकडे जातो, म्हणून दुसऱ्या तासाला नॉब खुणेच्या किती पुढे गेलाय ते पाहा. पुढे गेला असेल तर कानात त्या क्षणी काय चाललं होतं ते लिहून ठेवा: फोन, जिंगल, की टॉकबॅक. मी पहिला पूर्ण तास शेजारी बसून फक्त एवढंच लिहितो, नॉबला हात लावत नाही.